अंगणातल्या दोन घटका

मार्चअखेरीचे हिशेब आणि वसंताचे आगमन एकाच पंधरवड्यात यावे, हा व्यापारी कुटुंबांच्या वाट्याला आलेला जुनाच योग आहे. बाहेर कडुनिंबाला तांबूस पालवी फुटत असते आणि आत पेढीवर खतावणी, वसुली आणि मालाची मोजदाद चाललेली असते. रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू यांची आवकही याच दिवसांतली. गुढी उभारली, कडुनिंबाचा फुलोरा तोंडात टाकला, की घरातील पुरुषमाणूस पुन्हा दुकानात. अशा रीतीने आपल्यापैकी कित्येकांची आणि वसंताची भेट दिनदर्शिकेच्या पानावरच होते.

या वेळी एका लहानशा विषयावर लिहावयाचे योजले आहे. घरच्याच अंगणात किंवा परसात, फारसा खर्च न करता, शांतपणे बसता येईल अशी एक जागा चैत्र-वैशाखात कशी करावी, हा तो विषय. विषय किरकोळ वाटेल. परंतु जामखेड, खर्डा, पाथर्डी, आष्टी या भागातील आपल्या घरांकडे पाहिले की तो तितका किरकोळ राहत नाही. कारण ती जागा करावयाची म्हणजे आधी ती शिल्लक असावी लागते.

खर्डा हे व्यापाऱ्यांचे गाव. इंग्रजांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या गावी पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार असल्याची नोंद आहे. बालाघाटाच्या बाजूने धान्य, देशी कापड आणि इतर माल येथे यावा आणि पश्चिमेस पुण्याकडे जावा, असा तो व्यवहार होता. गावाच्या मध्यभागी निंबाळकरांचा वाडा आणि आग्नेयेस त्यांनीच १७४३ मध्ये बांधलेला घडीव दगडांचा किल्ला. अशा गावातील व्यापाऱ्याच्या घराची रचना ठरलेली असे. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे ओसरी आणि चौक, त्यामागे माजघर, आणि सर्वांत शेवटी परसू. दुकानातील गलबला चौकापर्यंत येताना निम्मा होई आणि परसापर्यंत पोहोचतच नसे. भिंती जाड, वर पांढऱ्या मातीचे धाबे. बाहेर फुफाटा उडत असला तरी आत बऱ्यापैकी गारवा असे.

आज त्या चौकावर लोखंडी पत्रा आला आहे. याचा दोष कोणाला द्यावा? आवक वाढली, गोदामाचे भाडे वाढले, पोती ठेवण्यास जागा हवी. चौक मोकळाच पडला आहे, मग टाकला पत्रा. परसूही त्याच वाटेने गेला. त्यात आधी मोटारसायकल उभी राहिली, मग पाण्याची टाकी बसली, मग रिकामे डबे आणि फुटके काटे साठले. पत्र्याखालील चौक दुपारी भट्टीसारखा तापतो, म्हणून खोल्यांना कूलर आले. कूलर आले म्हणून खिडक्यांना जाळ्या-पडदे आले. आणि आकाश पाहावयाचे तर जिना चढून गच्चीवर जावे लागू लागले, जेथे गुडघे दुखणारी माणसे जाऊ शकत नाहीत.

खर्ड्यातील एका भुसार पेढीच्या घरी हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. घराचा परसू बारा फूट बाय चौदा फूट. मुलाने हिशेब मांडला, की पत्रा टाकून येथे दीडएकशे पोती सहज रचता येतील आणि बाहेरच्या गोदामाचे भाडे वाचेल. हिशेबात चूक नव्हती. बाबूजी काही बोलले नाहीत. गादी मुलाच्या हाती सोपवून त्यांना तीन वर्षे झाली होती, आणि सोपविलेल्या गादीच्या कारभारात तोंड घालावयाचे नाही, हा त्यांचा स्वतःशीच केलेला नियम होता. बोलली ती सूनबाई. तिने एवढेच विचारले, की चैत्रात पापड, कुरडया, मुगाच्या वड्या वाळवायच्या कुठे? आणि दुसरे असे, की बाबूजी दिवसभर बसतात तरी कुठे, हे कोणी पाहिले आहे काय?

कोणीच पाहिले नव्हते. सकाळी स्थानकातून आले की ते थोडा वेळ दुकानाच्या पायरीवर बसत. गिऱ्हाईक वाढले की उठून आत येत. आतल्या खोलीत दूरदर्शन संच चालू असे, म्हणून मधल्या दारात खुर्ची टाकीत. तेथून ये-जा करणाऱ्यांची अडचण होई, म्हणून पुन्हा उठत. स्वतःच बांधलेल्या घरात हा मनुष्य दिवसातून सात-आठ वेळा जागा बदलत होता. तक्रार कसलीही नव्हती, म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

परसू राहिला. पोत्यांसाठी रस्त्याच्या कडेला गोदाम भाड्याने घेतले. त्या भाड्याचा आकडा दर महिन्याला वहीत पडतो आणि मुलगा तो अधूनमधून बोलूनही दाखवितो. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण एवढेच, की शांत जागा फुकट मिळत नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे. पेढीवाल्यांना तरी हे वेगळे सांगावयास नको.

आता जागा कशी करावी ते पाहू. नगरपासून धाराशिवपर्यंतचा हा पट्टा अवर्षणाचा. येथे वसंत म्हणजे गारवा नव्हे, ऊन चढत जाण्याचा काळ. तेव्हा मासिकांतून दिसणारी हिरवळ, कारंजी आणि फुलांचे ताटवे मनातून काढून टाकावेत. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाकाठी पाच-सहा लिटर पाणी सहज लागते. म्हणजे दहा चौरस मीटरच्या तुकड्यासाठी रोज पन्नास-साठ लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात असे करणे शोभत नाही, आणि ज्या हिरवळीवर पाय ठेवण्यास आपल्या घरची वडीलधारी माणसे मुळातच कचरतात, ती लावावी तरी कशासाठी?

या गावात फाल्गुन-चैत्रातील पाण्याची किंमत इतिहासानेही नोंदवून ठेवली आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात येथे लढाई झाली, हे सर्वांना माहीत आहे. ग्रँट डफने लिहिले आहे, की त्या रात्री घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहान तुकडी एका ओढ्यापाशी पोहोचली. ओढा मोगली चौकीच्या गोळीच्या टप्प्यात होता. तेथून गोळीबार झाला, इकडूनही उत्तर गेले, त्यातून निजामाच्या छावणीत गोंधळ माजला आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. मोठ्या लढाईचा निकाल मुत्सद्द्यांच्या आणि तोफांच्या बळावर लागला असे आपण म्हणतो. त्यात तहानलेल्या घोड्यांचाही वाटा होता. मार्चच्या मध्यासच जेथे पाणी असे शोधावे लागे, तेथे अंगण सजविताना पहिला विचार पाण्याचाच हवा.

पाण्याच्याही आधी सावली. बसण्याची जागा निवडताना आपण बहुधा कोपरा रिकामा आहे की नाही एवढेच पाहतो. ऊन कोठून येते हे पाहत नाही. सूर्य मेच्या मध्याच्या सुमारास या भागात भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेची किंवा उत्तरेची भिंत मध्यान्ही काहीच कामाची नसते. सावली पडते ती सकाळी पूर्वेकडील भिंतीची आणि दुपार कलल्यावर पश्चिमेकडील भिंतीची. संध्याकाळी बसावयाचे असेल तर पश्चिमेच्या भिंतीलगत बाज टाकावी. मात्र त्या भिंतीची बाहेरची बाजू दिवसभर तापलेली असते आणि भिंत पातळ असली तर तो ताप संध्याकाळी आत उतरतो, म्हणून बाज भिंतीपासून दोन-तीन फूट दूर ठेवावी. एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी खडूने सावलीची कड फरशीवर आखून पाहावी. घरातील मुलांना हे काम द्यावे, ती ते आनंदाने करतात.

झाड असेल तर प्रश्नच मिटतो. परसात कडुनिंब असलेले घर भाग्यवान. त्याची पाने फाल्गुनात गळतात, चैत्रात नवी येतात आणि उन्हाचा तडाखा वाढेपर्यंत छत्र पुन्हा दाट होते. गळलेला पाला पेटवून देण्याची सवय मात्र सोडावी. त्या ढिगात किती जीव आसऱ्याला आलेले असतात, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. तोच पाला कुंड्यांत आणि आळ्यांत पसरला तर जमिनीतील ओल टिकते आणि पाणी कमी लागते. झाड नसेल तर ते चैत्रात लावण्याच्या भरीस पडू नये. उन्हाळ्यात लावलेले रोप जगविणे म्हणजे रोज बादल्या वाहणे. जागा आता हेरून ठेवावी आणि पावसाळा लागल्यावर लावावे. पिंपळ आणि वड भिंतीजवळ नकोत. त्यांची मुळे वाड्यांचे चिरे हलवितात. लहान परसाला लिंबू, डाळिंब, कढीपत्ता एवढी झाडे पुरेत.

तोवर सावलीसाठी आपल्या दुकानातच उत्तम साधन पडलेले असते, ते म्हणजे बारदान. तागाची चार पोती उसवून एकमेकांस शिवली की सहा-सात फुटांचा पडदा होतो. तो पश्चिमेच्या बाजूस दोरीवर सोडावा आणि चारच्या सुमारास त्यावर पाण्याचा हात फिरवावा. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते, आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती आजूबाजूच्या हवेतूनच काढली जाते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, खर्ड्यात चालतो. धान्याला कीडनाशक लावलेले बारदान मात्र वापरू नये, आणि प्लॅस्टिकचे पोते तर मुळीच नको. ते ओले होत नाही, तापते मात्र.

जमिनीविषयी थोडे मतभेद होतील. आजकाल परसात सरसकट शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत टाइल घालतात. झाडण्यास सोपे पडते हे खरे. पण दगडी फरशी दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते परत करते. रात्री नऊ वाजताही तळपायाला चटका जाणवतो. मातीच्या अंगणावर संध्याकाळी सडा घातला की पाऊण तासात ते निवते. सर्व परसू मातीचा ठेवणे आता शक्य नसेल, तरी बसण्यापुरता आठ फूट बाय दहा फुटांचा तुकडा फरशीवाचून ठेवावा. जुनी फरशी उखडावयाची असल्यास पाहून, हळूहळू उखडावी. खालच्या ओलीत मुंग्यांची घरे असतात.

त्या तुकड्यावर काय ठेवावे, याचे उत्तर मी फार थोडक्यात देईन: सुंभाची किंवा नवारीची बाज, दोन पाट, पाण्याचा माठ. झोपाळ्याचा आग्रह बरेच जण धरतात. जुन्या घरात कडीपाट असेल तर तो जरूर टांगावा, पण त्यासाठी लोखंडी सांगाडा विकत आणून परसू अडवू नये. बाजारात आता बागेतील बैठकीच्या नावाखाली प्लॅस्टिकच्या वेताच्या खुर्च्या, कृत्रिम गवताच्या चटया, रंगीत दिव्यांच्या माळा मिळतात. कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानात आयुष्य घालविलेल्या आपल्या मंडळींनी तरी, विकणाऱ्याची युक्ती ओळखावी.

झाडेही मोजकीच. दोन मोगरे, एक तुळस, जमल्यास एखादी जाई. मोगऱ्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे, म्हणून त्याची कुंडी बसण्याच्या सावलीत ओढू नये. सुगंध आपल्याकडे येतो, कुंडी येण्याची गरज नाही. फुले तोडावीत की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरची रीत ठरविते. कित्येक घरी गळून पडलेलीच फुले वेचतात. ती सकाळी कुंडीभोवती पडलेली असतात आणि ओंजळीत दुपारपर्यंत दरवळतात. पाणी तांदूळ-डाळ धुतलेले चालते. कुंडीच्या मातीत लहानसे, न भाजून काळे केलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवले, तर ते झिरपत राहते आणि दोन-तीन दिवस पाहावे लागत नाही. लग्नसराईत घर बंद ठेवून जावे लागणाऱ्यांस हे फार सोयीचे आहे. रासायनिक फवारणीचा तर येथे विषयच नाही. मोगऱ्यावर मावा पडला तर पाण्याच्या हलक्या धारेनेही तो हटतो, आणि हटविण्यातही हात जपून चालवावा.

पक्ष्यांसाठी मातीची पसरट परळ ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. त्यात एवढेच जोडावे, की पाणी रोज बदलावे. साचलेल्या पाण्यात डासांची अंडी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात. एकदा अळ्या झाल्या की ते पाणी ओतावे की ठेवावे, असा पेच आपल्यासमोर उभा राहतो. रोज बदलले म्हणजे पेचच पडत नाही. परळीत दोन खडे टाकावेत, म्हणजे मधमाश्या काठावर बसून पाणी पिऊ शकतात, बुडत नाहीत.

आता थोडेसे वेळेविषयी. अनेक घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते. एप्रिलच्या मध्यास येथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. सव्वासहाला ताटे आवरली, तर तेथून पूर्ण अंधार पडेपर्यंत जवळजवळ एक तास हाती उरतो. इतर घरांना न लाभणारा हा तास आपल्याला आपल्या आचारानेच दिलेला आहे, आणि बहुतेक घरांत तो पडद्यासमोर जातो. या वेळी परसात दिवा लावण्याची गरज नसते. दिवा लागला की किडे येतात, त्यांच्यामागे पाली येतात, आणि शांत बसणे बाजूलाच राहते. अंधार पडला की उठावे. लावणे भागच असेल तर पांढऱ्या झगझगीत दिव्याऐवजी मंद पिवळा लावावा, त्याकडे किडे कमी येतात.

एक खुलासा आवश्यक आहे. अशी जागा केली की सामायिकही तेथेच करावे असे काहींना वाटते. तसे करू नये. सामायिकात हिरव्या पानाचा, पाण्याचा स्पर्श टाळावयाचा असतो. झाडाखाली वाऱ्याने पान अंगावर पडणारच. आसन ओसरीत, छपराखाली, पुंजून घेतलेल्या जागी असावे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या त्या दोन घटका निराळ्या आणि परसातल्या या दोन घटका निराळ्या. या दुसऱ्या दोन घटकांना कोणताही विधी नाही. त्यात गप्पा चालतील, मौन चालेल, नातवाचे पाढे चालतील. दुकानाचा मोबाइल चालणार नाही. तो गल्ल्यापाशीच ठेवून यावा.

दिवसा परसू मोकळा असतो असेही नाही. चैत्र म्हणजे वाळवणाचा महिना. सकाळी नऊपासून चारपर्यंत तेथे चादरी पसरलेल्या, त्यांवर पापड, वड्या, शेवया. तिथींना हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरांत या वाळवणावरच वर्षाचा बराच भार असतो. म्हणून बैठकीची जागा अशी करावी, की बाज उभी करून भिंतीला टेकविली म्हणजे सर्व अंगण वाळवणाला मोकळे व्हावे. आणि येथे एक गोष्ट स्पष्टच लिहितो. परसू हा घरातील स्त्रियांच्या श्रमाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला पट्टा आहे. तेथे आता विसाव्याची जागा करावयाची, आणि तिचा सडा, झाडलोट, कुंड्यांचे पाणी पुन्हा त्यांच्याच माथी, व बाजेवर पाय पसरून बसणार मात्र घरधनी, असे होणार असेल तर पत्रा टाकून पोती ठेवलेली काय वाईट? वर उल्लेखिलेल्या घरी बाबूजींनी सडा आणि परळीचे पाणी स्वतःकडे घेतले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बादलीभर पाणी जड होते, म्हणून तांब्या-तांब्याने घालतात. वेळ लागतो, पण वेळच तर आहे. सूनबाई साडेसहाला दुसऱ्या पाटावर येऊन बसते. तिच्या हाती त्या वेळी काहीही काम देऊ नये, असे सासूबाईंनी घरात सांगून ठेवले आहे. मुलगा रविवारी येतो. इतर दिवशी दुकान साडेआठला बंद होते, तोवर सर्व उठलेले असतात.

पुण्याला, मुंबईला स्थायिक झालेले वाचक विचारतील, की आम्ही काय करावे? सदनिकेच्या चार फुटी बाल्कनीलाही यातील बरेचसे लागू पडते: उन्हाची कड आखून पाहणे, एक मोगरा, एक पाट, रात्री दिवा न लावणे. पण त्यांच्यापैकी अनेकांचा गावाकडील परसू अजून कुलपात आहे, हेही त्यांनी आठवावे. सुट्टीत मुलांना घेऊन आठ दिवस तेथे जाणे पर्यटनस्थळी जाण्याहून स्वस्त पडते.

अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात, उसाच्या रसाचा घोट घेतला जातो, आणि त्याच सुमारास आपल्याकडे वळवाचे ढग बालाघाटाच्या माथ्यावर दिसू लागतात. दुपारी चारला वावटळ उठते, मग टपोरे थेंब. बारदानाचा पडदा आधी सोडून ठेवावा, नाहीतर तो दोरीसकट शेजारच्या घरात जातो. बाज उचलून ओसरीत घ्यावी. सुंभ एकदा भिजले की सैल पडते आणि ते पुन्हा ताणून देणारा कारागीर आता गावात शोधावा लागतो.